मधला डबा : इंदूरच्या एका खानावळीतल्या प्रकल्प नोंदी (हिवाळा २०२४-२५)

१० नोव्हेंबर

भंवरकुआंच्या मागच्या गल्लीत काकूंची खानावळ आहे. कोचिंगसाठी आलेली मुलंमुली इथे जेवतात, नाहीतर डबा नेतात. बरीचशी मराठी घरांतली : बऱ्हाणपूर, बैतूल, मुलताई, खरगोन, काही भुसावळ-जळगावकडची. काकू स्वतः लोकमान्य नगरच्या. काल त्यांनी मला बोलावून परत आलेले डबे दाखवले. भाजी संपलेली, पोळ्या निम्म्या उरलेल्या, वरणाला हात लावलेला नाही. "दिवाळीला पोरं घरी गेली की आयांचे फोन येतात, काकू, आमचा वाळून गेला हो! मी काय हात आखडता घेते का? तू आहाराचं शिकलीयस, तूच सांग काय करू." हे बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

जाड मुलांसाठी सल्ला देणारे गल्लोगल्ली आहेत. बारीक मुलाला मात्र "खात जा रे जरा" यापलीकडे कोणी काही सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष कमी वजनाचे निघाले. म्हणजे आपल्याकडे हा किरकोळ प्रश्न नाही, आणि तो फक्त गरिबाघरचाही नाही. इथल्या मुलांच्या घरी दूधदुभतं आहे, शेती आहे.

ठरवलं ते असं : ज्यांना स्वतःहून यायचं असेल आणि ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली असतील त्यांनाच घ्यायचं. फेब्रुवारीपर्यंत काम करायचं. डबा, पावडर, गोळी काहीही बाहेरून विकत आणायचं नाही. जे करायचं ते काकूंच्या ओट्यावर.

१४ नोव्हेंबर

वजनं आणि उंच्या घेतल्या. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, अंगावर हलके कपडे, काटा गादीवर किंवा चटईवर न ठेवता फरशीवर. पुढेही हाच काटा आणि हीच वेळ. नाहीतर एक किलो वाढला की नुसतं पाणी वाढलं, हे कळायला मार्ग नाही.

बैतूलचा उंच मुलगा : १७२ सेंटिमीटर, ५१ किलो. किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो, त्याचा १७.२. प्रौढांसाठी १८.५ ही खालची रेघ. त्याला तिथे पोचायला साधारण पावणेचार किलो हवेत. आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही चांगली गती, म्हणजे दोन-साडेतीन महिन्यांचं काम. तो म्हणाला, "ताई, जानेवारीत बहिणीचं लग्न आहे, तोवर दहा किलो नाही का होणार?" नाही होणार, आणि झालेच तर ते पोटावर असतील, हे त्याला शांतपणे समजावलं.

सतरा वर्षांची दोन मुलंही रांगेत उभी होती. वाढत्या वयाला १८.५ ची रेघ लावता येत नाही, त्यांचे वयानुसार तक्ते वेगळे असतात. त्यांना घरच्यांसोबत बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. दोघं हिरमुसली. काकूंनी त्यांना जेवायला थांबवून घेतलं.

एका मुलीचा बीएमआय १६ च्याही खाली निघाला. तिला लाडू न देता आधी डॉक्टरांकडे नेलं. काकूंना हे पटेना, "इतकी अशक्त पोर आणि तिलाच खायला नाही?" खरं म्हणजे ज्याचं शरीर फार दिवस उपाशी राहिलंय त्याला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. अन्न आलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. थायमिनचा (ब-१ जीवनसत्त्वाचा) साठा आधीच रिकामा असतो. हृदयाची लय बिघडू शकते, श्वास लागू शकतो, जीवही जाऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हे ठळकपणे नोंदलं गेलं. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा माणसाचं खाणं रक्त तपासत तपासत, थोडं थोडं करून वाढवायचं असतं, आणि ते खानावळीचं काम नव्हे.

१७ नोव्हेंबर

आज फक्त एकच प्रश्न विचारला : पहिल्यापासून असेच आहात, की अलीकडे उतरलात?

यावरून पुढचं सगळं ठरतं. बैतूलचा मुलगा लहानपणापासून काटक. त्याचे वडील, काका सगळे तसेच, अंगात ताकद आहे, ताप नाही, खोकला नाही. बऱ्हाणपूरचा एक मुलगा मात्र उन्हाळ्यात ५८ किलो होता, आता ५३. त्याने मुद्दाम काही केलेलं नाही. सहा महिने ते वर्षभरात काही न करता वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर आहाराचा तक्ता बाजूला ठेवून कारण शोधायचं. थायरॉइड जास्त काम करत असेल, मधुमेह असेल (तहान आणि लघवी वाढली का, हे विचारलं), आतड्याचा आजार असेल, जंत असतील, गव्हातलं ग्लुटेन सोसत नसेल, मन खचलेलं असेल. बऱ्हाणपूरच्या मुलाला तीन आठवडे खोकला होता. तो "थंडीचा" म्हणत होता. दोन आठवड्यांवर खोकला गेला की टीबीसाठी थुंकी तपासायलाच हवी. उद्या त्याच्यासोबत मी जाते.

बाकीच्यांसाठी : हिमोग्राम (रक्ताची तपासणी), साखर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी). ज्यांचं पोट वरचेवर बिघडतं त्यांना सीलिअॅकची (ग्लुटेन न सोसण्याच्या आजाराची) तपासणी, आणि ती होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर आजार असूनही तो तपासणीत दिसत नाही, असं होऊ शकतं.

२३ नोव्हेंबर

बऱ्हाणपूरच्या मुलाला टीबी निघाला. औषधं सरकारी केंद्रातून मोफत सुरू झाली. त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचीही तपासणी झाली, तो ठीक आहे. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला हजार रुपये आहारासाठी मिळतात (या नोव्हेंबरपासून पाचशेचे हजार झाले), तो अर्ज तिथेच भरून घेतला.

काकू रात्री झोपल्या नाहीत. माझ्या खानावळीत हे कसं, असं त्यांना वाटत राहिलं. अन्न आणि टीबी यांचं नातं मी त्यांना सांगितलं. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा धान्य आणि पोषक आहार देऊन मोठा अभ्यास झाला, तो २०२३ साली छापून आला. जास्तीचा आहार मिळालेल्या घरांत नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णांच्या बाबतीत असं दिसलं की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन वाढलं त्यांचा मृत्यूचा धोका बराच कमी होता. म्हणजे कमी वजन हा टीबीचा परिणामही असतो आणि त्याला दार उघडून देणारं कारणही. मुलगा काही आठवड्यांसाठी घरी गेला. काकूंनी आईसाठी चिठ्ठी लिहून दिली : रोज दोन अंडी, वाटीभर जाड वरण, ताजं दही, आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही.

खरगोनच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.१ आलं. स्त्रियांमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. डॉक्टरांनी लोह दिलं. रक्त कमी असलं की भूकही मरते, दम लागतो, म्हणून व्यायामही होत नाही. ती जेवणानंतर लगेच चहा घेते, तो तासभर पुढे ढकलायला सांगितला, कारण चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. ताटात लिंबाची फोड आली, ती लोहाला मदत करते.

२७ नोव्हेंबर

प्रत्येकाने चार दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. सांगताना सगळे म्हणाले होते, "कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही." वह्या वेगळं सांगतात.

रविवारी ते खरंच खूप खातात. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जातात, रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात. घरच्यांना आणि मित्रांना तेवढंच दिसतं. सोमवार ते शनिवार मात्र असं : उठल्याबरोबर चहा आणि टोस्ट, कोपऱ्यावर पोहे-जलेबी, मग दीडपर्यंत क्लास, दुपारी अर्धा डबा, पाचला पुन्हा चहा, आणि रात्री दहाला डोळ्यांवर झोप असताना दोन पोळ्या. पोह्यांनंतर दुपारपर्यंत पोटात काही नाही, आणि दुपारनंतर रात्रीपर्यंतही नाही. भूक लागते तेव्हा चहा मारला जातो, आणि जेवण समोर येतं तेव्हा भूक मेलेली असते.

इंदूरच्या पोह्यांवर माझं प्रेम आहे आणि ते बंद करायला मी कोणाला सांगणार नाही. पण पोह्यांत प्रथिनं थोडीच. त्यावर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा मोडाचे मूग टाकले आणि सोबत वाटीभर दही घेतलं तर तोच नाश्ता तासभर जास्त टिकतो. जलेबी रोजची न ठेवता रविवारची ठेवली.

वह्यांवरून एक गोष्ट मला पक्की दिसली. या मुलांच्या ताटात जास्त वाढून उपयोग नाही. ताट मोठं दिसलं की ती आधीच दडपतात आणि निम्मं परत येतं. जागा आहे ती दोन जेवणांच्या मधल्या रिकाम्या वेळांत. तिथे छोटं, पण दमदार काहीतरी गेलं पाहिजे. याला काकूंनी "मधला डबा" म्हटलं आणि तेच नाव ठेवलं.

१ डिसेंबर

हिशेब. वजन चढायला रोजच्यापेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी जास्त हव्यात. त्या सामोसा-कचोरीतून सहज येतात, मग लाडू कशाला? हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि तो अगदी बरोबर आहे.

उत्तरासाठी त्यांना पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लान्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२. आपली माणसं दिसायला बारीक असली तरी स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटाच्या आत, असं त्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. आपल्याकडे मधुमेह लवकर गाठतो त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून काट्यावरचा आकडा वाढवणं एवढंच आपलं काम नाही. हाडामांसाला वजन आलं पाहिजे.

त्यासाठी प्रथिनं. साधारण माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम हे आपल्याकडचं शिफारस केलेलं प्रमाण. स्नायू वाढवायचे आणि व्यायाम करायचा तर १.२ ते १.६. बैतूलच्या मुलाला म्हणजे ६० ते ८० ग्रॅम. वहीप्रमाणे तो चाळीसच्या आसपास खातो.

ठरलेला मधला डबा, सकाळी अकराचा : शेंगदाणा-तीळ-गुळाचा एक लाडू, एक केळं, ग्लासभर म्हशीचं दूध. लाडू ४० ग्रॅमचा : २० ग्रॅम दाणे, ६ ग्रॅम तीळ, १२ ग्रॅम गूळ, वळायला तूप. त्यात सुमारे २१० कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. दुधाच्या जवळपास २००, केळ्याच्या १००. म्हणजे पाचशेची सोय एवढ्यात झाली, आणि पोटाला जड वाटावं इतकं काही नाही.

संध्याकाळी पाचचा डबा आळीपाळीने : दोन उकडलेली अंडी आणि पोळीचा रोल, नाहीतर भाजलेले चणे आणि खजूर, नाहीतर पनीर भुर्जी-पोळी, नाहीतर ताकात कालवलेला सत्तू (भाजलेल्या चण्यांचं पीठ). ५० ग्रॅम सत्तूत दहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, आणि तो खोलीवरही करता येतो.

४ डिसेंबर

लाडवांचा दिवस. काकूंच्या हाताखाली मी दाणे निवडले. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे एकही घ्यायचा नाही. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही पूर्ण जात नाही आणि ते यकृताला वाईट. काकूंना नाव माहीत नव्हतं, पण नियम माहीत होता : "खवट दाणा चाखून थुंकायचा, डब्यात नाही घालायचा." मंद आचेवर भाजले, सालं पाखडली, खलबत्त्यात जाडसर कुटले. मिक्सरवर फार फिरवलं की तेल सुटतं आणि लाडू ओशट होतो. गूळ चिरून घातला, पाक केला नाही.

मग सोयाबीन. इंदूर हे देशातल्या सोयाबीनचं गाव, खंडवा रोडवर त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, आणि तरी आमच्या स्वयंपाकघरात ते जवळजवळ येतच नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात, म्हणून उकळत्या पाण्यात अर्धा तास शिजवून, वाळवून मगच दळायचं. नऊ भाग गव्हाला एक भाग सोयाबीन, या प्रमाणात दळून आणलं. पोळीची चव बदलली नाही. डबे घेताना कोणाला कळलंही नाही, तेव्हा काकूंनी स्वतः सगळ्यांना सांगितलं, कारण एखाद्याला सोयाबीनची अॅलर्जी असू शकते.

भाजीत सोयाच्या वड्या आठवड्यातून दोनदा. तीस ग्रॅम कोरड्या वड्यांत पंधरा ग्रॅम प्रथिनं. इतक्या कमी पैशात एवढी प्रथिनं देणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

१० डिसेंबर

पोट फुगणं, गॅस, एकाला जुलाब. हे होणारच होतं. ज्याला जुलाब झाले त्याला दूध सोसत नाही, त्याचं दूध बंद करून दही सुरू केलं. बाकीच्यांना पहिला आठवडा अर्धाच लाडू. जेवणाआधी ढसाढसा पाणी प्यायचं नाही, आधी वरण-पोळी, मग पाणी. वरणावर तुपाची धार आली. चमचाभर तुपात ४५ कॅलरी, आणि वाटीत जागा तेवढीच लागते.

बैतूलचा मुलगा म्हणतो, अकराचा डबा खाल्ल्यावर दुपारी जास्त भूक लागते. पोटालाही वेळेची सवय लागते, हे मला त्याच्याकडून ऐकून फार बरं वाटलं.

१६ डिसेंबर

गच्चीवर व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. जोर, बैठका, दप्तरात पुस्तकं भरून ते ओढणं आणि उचलणं, पाण्याचे कॅन घेऊन जिना चढणं. दर आठवड्याला थोडं ओझं किंवा थोड्या आवर्तनांची वाढ, कारण स्नायू वाढतो तो वाढत्या भाराने. जास्तीचं खाणं आणि हा भार एकत्र आले तरच ते अंगाला लागतं. दोघं पहाटे बायपासपर्यंत धावायला जात होते. वजन वाढवायच्या दिवसांत लांबचं धावणं कमी केलं.

आणि झोप. रात्री दोनपर्यंत जागून सहाला उठणाऱ्या मुलाला लाडू काय करणार! सात तास तरी झोप, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं.

२१ डिसेंबर

आज वहीत आकडे नाहीत.

खरगोनची मुलगी उशिरापर्यंत थांबली. शाळेपासून तिला "काडी", "सुकट" म्हणतात. हॉस्टेलवरच्या एकीने हाताचा घेर बोटांत धरून सगळ्यांना दाखवला. ती म्हणाली, "ताई, लोकांसमोर खायलाच लाज वाटते. कमी खाल्लं तरी बोलतात, जास्त खाल्लं तरी बोलतात." जाड माणसाला जाड म्हणणं वाईट, हे आता बऱ्याच जणांना कळतं. बारीक मुलीला मात्र कोणीही, कुठेही, हसत हसत काहीही बोलतं आणि वर म्हणतं, काळजीने बोललो. ही काळजी नाही. तिच्यासाठी डबा आता झाकून, खोलीवर जातो. खानावळीत कोणाच्याही अंगावरून बोलायचं नाही, हे काकूंनी पंगतीत सगळ्यांना खणखणीत सांगितलं.

दुसरी एक मुलगी आहे, तिला वजन वाढण्याचीच भीती वाटते. खाऊन झालं की ती अस्वस्थ होते, घास मोजते. हा आहाराचा प्रश्न नाही, मनाचा आजार असू शकतो, आणि त्यात आग्रह केला तर तो वाढतो. तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिला. तिने माझ्यासमोरच फोन लावला. पुढच्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं ठरलं.

२९ डिसेंबर

सगळ्यांना घेऊन सराफ्याला. थंडीचे गराडू (एक कंद) आलेत : तळून, ठेचून, पुन्हा तळून, वर मसाला आणि लिंबू. भुट्ट्याचा कीस, शिकंजी. कोणी कॅलरी विचारल्या नाहीत आणि मी सांगितल्या नाहीत.

५ जानेवारी २०२५

महिन्याची वजनं. बैतूलचा मुलगा ५२.६. खरगोनच्या मुलीचं वजन किलोभर वाढलं, हिमोग्लोबिन दहाच्या वर आलं, आणि ती जिना न थांबता चढते. एकाचं वजन तेवढंच राहिलं, त्याच्या वहीत पाचचा डबा सतत रिकामा आहे. त्या वेळी त्याचा क्लास असतो, तर त्याचा डबा आता दप्तरात जाईल : चणे, खजूर, लाडू, जे सांडत नाही आणि विटत नाही ते.

काट्यासोबत टेपनेही मोजलं. बेंबीपाशी कंबर, आणि दंडाचा घेर. कंबर भराभर वाढून दंड तेवढाच राहिला तर खाणं योग्य जागी जात नाही. एका मुलाचं तसं दिसलं. तो व्यायामाला येत नव्हता आणि मधल्या डब्यावर कचोरीही खात होता. त्याच्याशी बोलले.

एका दिवसात किलोभर वर-खाली होणं म्हणजे पाणी, मीठ, पोटातलं अन्न. म्हणून रोज काट्यावर चढायचं नाही, आठवड्यातून एकदा पुरे.

१४ जानेवारी

संक्रांत. काकूंनी गुळपोळ्या केल्या, मुलांनी गल्लीत माळव्याच्या रीतीने गिल्ली-दांडू मांडला. आजचा डबा तिळाचाच.

१९ जानेवारी

ज्याची भीती होती ते समोर आलं. एका मुलाच्या खोलीत बारीक गोळ्यांची पट्टी सापडली. ओळखीच्या कोणीतरी "महिन्यात गाल भरतात" म्हणून दिली होती. डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड.

हे सविस्तर लिहिते, कारण कमी वजनाच्या मुलांना अशा गोळ्या सर्रास मिळतात. स्टेरॉइडने गाल भरतात ते पाणी साचून आणि चरबीची जागा बदलून. दंड-मांड्यांचे स्नायू उलट झिजतात. साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी होते. आणि बरेच दिवस घेतल्यावर अचानक बंद केल्या तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्यातून माणूस कोसळू शकतो. म्हणून मी त्या फेकून दिल्या नाहीत. पट्टी हातात घेऊन त्याला डॉक्टरांकडे नेलं. बंद कशा करायच्या हे तेच ठरवतील. भूक वाढवणारी सिप्रोहेप्टाडिनची गोळीही अशीच सल्ल्याशिवाय घेतली जाते. तिने क्लासमध्ये झोप येते, आणि गोळी थांबली की भूक पुन्हा होती तिथे.

व्यायामशाळेतून आणलेला 'मास गेनर'चा (वजन वाढवायच्या पावडरीचा) डबाही एकाने दाखवला. मागची बारीक अक्षरं आम्ही मिळून वाचली : पहिला घटक माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासूनची पावडर), मग साखर, प्रथिनं त्यानंतर. याच पैशात काकूंचे लाडू आणि दूध कितीतरी आठवडे येतील. तो डबा परत करायला गेला आहे.

२ फेब्रुवारी

जैन मुलाचा प्रश्न बरेच दिवस राहिला होता. कंदमुळं नाहीत, अंडी नाहीत, आणि सूर्यास्तानंतर जेवण नाही. क्लास सहाला सुटतो, तोवर थंडीत सूर्य मावळतीला लागतो. काकूंनी त्याचं रात्रीचं जेवण साडेचारला क्लासवर पोचवायला सुरुवात केली : सोयाबीन घातलेल्या पोळ्या, पनीर, मुगाची दाट डाळ. सकाळचा नाश्ताही वाढवला, कारण त्याचा उपास रात्रभराचा असतो : मुगाचे चिले (धिरडी), दही, मूठभर दाणे, दूध. त्याच्या व्रताला धक्का न लावता वजन चढतंय, आणि त्याच्या आजीने काकूंना फोन करून आशीर्वाद दिले.

१५ फेब्रुवारी

बऱ्हाणपूरचा मुलगा परत आला. वजन ५६, खोकला नाही, औषधांचा पुढचा टप्पा चालू. ताकद पूर्ण आलेली नाही, म्हणून गच्चीवर नुसता चालतो. काकूंनी त्याला ताटावर बसवून स्वतः वाढलं आणि तो उठेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

गोळ्यांवाल्या मुलाच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. चेहऱ्याची सूज उतरली तसं वजनही उतरलं, त्यामुळे तो खट्टू आहे. ते वजन त्याचं नव्हतंच. त्याने परवापासून अकराचा डबा मागून घेतला.

२४ फेब्रुवारी

काम आता काकूंच्या हाती. बैतूलचा मुलगा ५४.९, बीएमआय १८.५ च्या किंचित वर. बहिणीच्या लग्नात तो बारीकच होता, आणि तिथे जोर मारून दाखवले असं हसत सांगत होता. खरगोनच्या मुलीचं लोह डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे अजून तीन महिने चालू राहील, रक्त भरून आल्यावर शरीरातला साठाही भरायला हवा. १६ च्या खालची मुलगी डॉक्टरांच्या देखरेखीत आहे. तिचं खाणं हळूहळू वाढतंय आणि रक्ताचे अहवाल ठीक आहेत.

काकूंशी ठरलेलं : नवीन आलेल्या प्रत्येकाला वजनाआधी "अलीकडे उतरलात का" हे विचारायचं. मधल्या डब्याचे पैसे महिन्याच्या पैशांतच धरायचे, वेगळे मागितले की मुलं तोच डबा आधी बंद करतात. उन्हाळ्यात दाण्याचा लाडू लवकर खवट होतो, तेव्हा मार्चअखेर तो थोडा थोडाच करायचा. एप्रिलपासून अकराच्या डब्यात सत्तूचं ताक आणि चक्का, आंबे आले की दुधासोबत आंबा. पुढची वजनं ५ एप्रिलला, आणि ज्यांची परीक्षा आहे त्यांची ती संपल्यावर.